बाबांना खुर्चीतून उठवायची होडी

४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६.१०

होडी आली. म्हणजे होडीचे दोन खोके आले. यादीशी ताडून पाहिलं: प्लायवूडचे कापून आलेले चौदा तुकडे, तांब्याची तार, काचधाग्याची पट्टी, इपॉक्सीचे दोन डबे (मोठ्यात रेझिन, छोट्यात हार्डनर, दोन्ही एकत्र केलं की दगडासारखं घट्ट होतं), डब्यांवर बसवायचे दोन पंप, पिशवीभर लाकडाचा भुगा, दोन वल्ही आणि छत्तीस पानांची पुस्तिका. सगळं आहे. पुन्हा मोजलं. अजूनही आहे.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी उद्दिष्ट पहिल्या पानावर असलेलं बरं. लाल पेनाने, चौकटीत: बाबांना खुर्चीतून उठवणे.

बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून रिटायर झाले त्याला सहा महिने झाले. छत्तीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून लोकांचे काटे तपासले. आता खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसलेले असतात. डॉक्टर म्हणाले, चालत जा. बाबा म्हणाले, कुठे? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. माझ्याकडे उत्तर आहे. तळ्यावर.

कपाटात आईबाबांच्या लग्नानंतरचा एक फोटो आहे. आई होडीत बसून खळखळून हसते आहे, मागे नुसतं पाणी. बाबांनी समोर बसून काढलेला, उघड आहे. म्हणजे बाबांना होडी आवडते. ९ मार्चला लग्नाला पस्तीस वर्षं होतात. त्या दिवशी दोघं होडीत. सरप्राईझ.

पुस्तिका म्हणते, एकवीस दिवस. मी सात दिवस राखीव धरले, आणि ते पुरले नाहीत तर म्हणून आणखी सात. मला काळजी करायची सवय नाही. नुसतं नीट असावं.

५ जानेवारी

गॅरेजचं दार मोजलं. खाली, मध्ये आणि वर. होडी सहज निघते, दोन्ही बाजूंना बेचाळीस सेंटीमीटर मोकळे. काही लोक घरात होडी बांधतात आणि मग ती दारातून निघतच नाही म्हणे. असतात असे लोक.

बाबांनी विचारलं, खाली काय चाललंय? खोटं बोलणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आईने वाचायला शिकवलं, बाबांनी टेबलावर पितळी वजनं मांडून गणित शिकवलं, आणि दोघांनी मिळून एकच धडा घोटून घेतला: तपासल्याशिवाय सही करायची नाही. (मग शाळेत पहिल्याच दिवशी मी बाईंना सांगितलं की तुमची फूटपट्टी एक मिलीमीटर कमी आहे. मैत्रिणी व्हायला वेळ लागला.) म्हणून बाबांना म्हटलं, लाकडाचं काहीतरी करतेय. हे खरंच आहे. बाबा ‘हं’ म्हणाले. संशय शून्य.

७ जानेवारी

पुस्तिका तिसऱ्यांदा वाचून झाली. चार चुका सापडल्या, लाल पेनाने सुधारल्या. तीन किरकोळ. चौथी गंभीर. पान सातवर लिहिलंय, दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. आणि पान नऊवर, रेझिनचा पंप एकदा दाबा, हार्डनरचा एकदा दाबा. एकाला एक! विमा ऑफिसात मी दिवसभर लोकांचे फॉर्म तपासते, असली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. पान नऊवर ‘दोनदा’ केलं. कंपनीला पत्र पाठवलं, सभ्य भाषेत. इतरांचं नुकसान टळेल.

११ जानेवारी, शनिवार

शुभारंभ. तुकडे जोडून लांब फळ्या करायच्या. मास्क, हातमोजे, त्यावर आणखी हातमोजे. रेझिन दोनदा, हार्डनर एकदा. सांधे लावले, वर विटा ठेवल्या. चोवीस तासांत घट्ट होईल. धाकधूक अजिबात नव्हती. विटा फक्त तीनदा मोजल्या.

१२ जानेवारी

चिकट आहे.

१३ जानेवारी

चिकट आहे. थंडी पडली आहे ना.

१५ जानेवारी

आईच्या खोलीतला हीटर खाली नेला. आई म्हणाली, आणि मी? तिला माझा स्वेटर दिला. चिकट आहे.

१८ जानेवारी

आता मधासारखं झालंय. ही प्रगती आहे की नाही, नक्की सांगता येत नाही.

शेजारच्या गाळ्यातले सुतारकाका डोकावले. लहानपणापासून मला ते फूटपट्टी म्हणतात. सांध्याला बोट लावलं, पँटला पुसलं, पँटकडे पाहिलं आणि म्हणाले, फूटपट्टे, चाळीस वर्षं लाकडात काढली, पण एवढा कचखाऊ गोंद पाहिला नाही. धरू की सोडू, धरू की सोडू. अगदी तुझ्यावर गेलाय. मी म्हटलं, थंडीमुळे आहे. काका म्हणाले, असेल बाई, मलाही बघून हुडहुडी भरली.

काका लाकडातले आहेत. केमिस्ट्रीतले नाहीत.

२२ जानेवारी

कंपनीचं उत्तर आलं. दोन पंपांचं माप मुळातच वेगळं आहे. रेझिनचा मोठा, हार्डनरचा लहान. दोन्ही एकेकदा दाबले की आपोआप दोनास एक पडतं. पान नऊ बरोबर आहे. मी दोनदा दाबलं म्हणजे चारास एक झालं, आणि ते या जन्मी घट्ट होणार नाही. बाकी तीन सूचनांपैकी एक मान्य, आभारी आहोत.

कंपनीने माझी एक सूचना मान्य केली. हे थोडं नाही.

राखीव दिवस वापरायला काढले.

२५ जानेवारी, शनिवार

दिवसभर सगळं खरवडलं. व्हिनेगर, चिंध्या, आईचं जुनं उलथणं. आईने विचारलं, ते परत वापरता येईल का? मी खोटं बोलत नाही. नवीन उलथण्याचे पैसे दिले.

१ फेब्रुवारी, शनिवार

पंपांवर आता माझा विश्वास नाही. वजनाने मोजायचं. शंभर ग्रॅम रेझिनला पंचेचाळीस ग्रॅम हार्डनर. त्यासाठी स्वयंपाकघरातला काटा गुपचूप खाली आणला.

पंधरा मिनिटांत बाबा सपाता घालून गॅरेजच्या दारात. काटा शोधत आले होते.  समोर मांडलेले प्लायवूडचे तुकडे, वल्ही, पुस्तिकेवर होडीचा रंगीत फोटो. बाबांनी सगळ्यावरून नजर फिरवली आणि एकच विचारलं, हा काटा शेवटचा कधी तपासला होता?

होडीबद्दल अवाक्षर नाही. सरप्राईझ सुरक्षित.

वर जाऊन पितळी वजनांची पेटी घेऊन आले. काटा शंभराला चार ग्रॅम जास्त दाखवतो. बाबांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत नव्हतं एवढं तेज. जिन्यातून आईला ओरडून सांगितलं, अगं, अकरा वर्षं आपण प्रत्येक गोष्ट चार टक्के कमी खातोय! आई वरून म्हणाली, मग मी बारीक का नाही झाले?

२ फेब्रुवारी

बाबांनी खुर्ची खाली आणायला लावली. मी आणि सुतारकाका धापा टाकत जिना उतरलो. चारही पायांभोवती बाबांनी खडूने गोल काढले. म्हणाले, नजर रोज एकाच जागेवरून पडली पाहिजे, नाहीतर फळी वाकली की आपण वाकलो हे कसं कळणार? खुर्ची हलवायची नाही.

आता सकाळी नऊला खाली येतात ते संध्याकाळी सहाला वर जातात. चार वेळा जिना चढउतार. जेवायला हाका माराव्या लागतात. मी मात्र मनातून खचले. एवढी धडपड कशासाठी? बाबा अजून खुर्चीतच. फक्त खुर्ची गॅरेजमध्ये.

६ फेब्रुवारी

बाबांनी पद्धत आखून दिली. आधी वजनं लावून काटा तपासायचा. रिकामा कप तोलायचा. रेझिन, नोंद. हार्डनर, नोंद. ढवळायचं. माझी सही. मग बाबा पुन्हा तोलणार, त्यांची सही. मगच वापरायचं. रंगीत तालीम घेतली. ढवळल्यापासून दुसऱ्या सहीपर्यंत सव्वीस मिनिटं.

पुस्तिका म्हणते, मिश्रण वीस मिनिटांत वापरा. वेग येईल हळूहळू.

८ फेब्रुवारी, शनिवार

मिश्रण क्र. १: सहीपर्यंत कपातच दगड. प्रमाण अचूक.
क्र. २: दगड. अचूक.
क्र. ३: दगड, काडीसकट. अचूक.

बाबा म्हणाले, अशी चोख मापं मी सबंध नोकरीत पाहिली नाहीत. मला भरून आलं.

९ फेब्रुवारी

क्र. ४, ५, ६: तसंच. सहा कप खिडकीत ओळीने ठेवले. सुतारकाका म्हणाले, पेपरवेट झकास झालेत. तळ्यात काय, हे सोडणार?

क्र. ७: यश! बाबांनी चालता चालता सही केली. मिश्रण जरा गुठळीला आलं होतं, पण वेळेत लागलं. सांधा क्र. १, तळाची उजवी फळी. दोन सह्यांनिशी. पूर्णपणे प्रमाणित. एकूण सांधे एकोणतीस. आता हातखंडा आला आहे.

१२ फेब्रुवारी

क्र. ९ सहीसाठी थांबलं असताना कप एकाएकी तापला. मी घाबरले नाही. कप फक्त हातातून सुटला. सगळं बाबांच्या खुर्चीखाली वाहत गेलं. मी म्हटलं, बाबा उठा, खुर्ची सरकवते. बाबा म्हणाले, थांब थांब, खडूच्या खुणा पुसतील, आधी त्यांची अंतरं उतरवून घे. मी टेप आणला. चार अंतरं, प्रत्येकी दोनदा.

खुर्चीचे मागचे दोन्ही पाय जमिनीला चिकटले. पहार लावूनही हलत नाहीत. या होडीच्या कामात पहिल्या फटक्यात नीट चिकटलेली वस्तू हीच.

बाबा म्हणाले, चला, आता निदान हलणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुतारकाकांनी करवतीने खुर्ची सोडवली. बाबांनी मोजलं. मागचा डावा पाय अकरा मिलीमीटर गेला, उजवा चौदा. खुर्ची डुगडुगते. बाबांनी पंचनामा करून खुर्ची नामंजूर केली. दुरुस्तीला काकांच्या दुकानात गेली. कधी मिळेल विचारलं तर काका म्हणाले, बघू, घाईने काम बिघडतं, हे तुमच्याकडूनच शिकतोय.

बाबा उलट्या बादलीवर बसतात. त्यांना मी दुरून दुःखाने पाहते.

१८ फेब्रुवारी

आज ऑफिसातून आले तर आई आणि काकांनी मिळून उरलेल्या फळ्या जोडून ठेवलेल्या. कशाने, असं विचारलं. आई म्हणाली, पंपाने, पान नऊ. एकेकदा दाबलं. सकाळी लावलं, हीटरने आता वाळलंय. काकांनी फळीवर टकटक करून दाखवलं, गरज नसताना.

२० फेब्रुवारी

फळ्या तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, म्हणजे होडीचा आकार येतो. तेही त्या दोघांनी दिवसा उरकलं. मी मात्र सगळे टाके तपासले. एकशे अठरा. खरं काम ते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आता शिवणींवर आतून इपॉक्सी आणि भुग्याचा लगदा भरायचा. पुस्तिका म्हणते, ‘पीनट बटरइतका घट्ट’. बाबांनी विचारलं, कोणत्या कंपनीचं? रास्त प्रश्न. मी पत्र लिहायला बसले. तेवढ्यात मिश्रण क्र. १२ वर मतभेद झाला. मला अर्धा ग्रॅम कमी दिसत होता, बाबांना बरोबर.

आई चहाचा ट्रे घेऊन कधीची उभी होती. ट्रे बादलीवर ठेवला आणि म्हणाली, द्या इकडे. भचक, भचक, दोन पंप. भुगा मुठीने. केकचं पीठ फेटावं तसं फेटलं आणि चमच्याची पाठ फिरवत निघाली. बाबा म्हणाले, अगं, नोंद? ती म्हणाली, तुम्ही करा ना, मी कुठे नको म्हणतेय. आमचा अर्धा ग्रॅम मिटेपर्यंत तिची एक बाजू पूर्ण झाली होती. गुळगुळीत. चहा मात्र गार झाला.

आईने मदत केली (किरकोळ).

२ मार्च

होडी तयार. काचपट्टी, वरचा थर, निळा रंग, सगळं वेळेत. माझ्या नियोजनाचं हे फळ आहे.

संध्याकाळी ७.००

अडचण. बाबांना समजलं की ही होडी आहे. कसं, कोण जाणे.

आणि बाबांनी रजिस्टर उघडलं. सांधे एकोणतीस, त्यांपैकी प्रमाणित एक. बाकी सगळे आईचे, नोंद नाही. म्हणाले, बाळ, होडी देखणी झाली आहे. पण तपासल्याशिवाय मी कुणाच्या काट्यावर सही केली नाही, आणि तपासल्याशिवाय या होडीत बसणार नाही.  हे मीच म्हटलं असतं.

आई म्हणाली, मी बसेन. तिला कुणी विचारलं नव्हतं.

५ मार्च

पुरावा सादर केला. फोटो बाबांच्या हातात दिला. म्हटलं, बाबा, तेव्हा बसला होतात की नाही? बाबांनी भिंग घेऊन फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, फोकस बरा आलाय. आणि उठून होडीला कान लावून ठोकत बसले. आईला मध्येच खोकल्याची उबळ आली.

सारखे होडीभोवती फिरतात. आज एकतीस फेऱ्या मारल्या, मी मोजल्या. पण बसत नाहीत. आता मला चार दिवसांत काहीतरी करायला हवं. टेन्शन नाही. फक्त झोप उडाली आहे.

९ मार्च, रविवार

सुतारकाकांच्या टेम्पोतून तळ्यावर गेलो. (गॅरेजच्या दारातून होडी निघाली. बेचाळीस सेंटीमीटर. कुणीही कौतुक केलं नाही.)

होडी पाण्यात सोडली. तरंगली. काका म्हणाले, फूटपट्टे, बघ, तुझ्या हातून वाचली. मी बाबांकडे पाहिलं. बाबा काठावर हाताची घडी घालून उभे. म्हटलं, बाबा, या ना. एवढ्यासाठीच केली.  बाबांनी पाऊल उचललं, होडीकडे पाहिलं, पाऊल परत ठेवलं. म्हणाले, किती वजन पेलते, ते कुठे लिहिलंय?

आई हसायलाच लागली. म्हणाली, पस्तीस वर्षांपूर्वी याच काठावर यांनी नावाड्याला हेच विचारलं होतं. तो बिचारा काय सांगणार? मी एकटीच बसले. हे काठावरून फोटो काढत राहिले.

काठावरून. पुरावा खरा होता. अर्थ मी लावला होता.

बाबा कानकोंडे झाले. म्हणाले, अगं, पण दोरी धरली होती मी. आई म्हणाली, हो, ती तर धरलीच होती. आजही बाबांनी टेम्पोतून दोरी आणलेली. वीस मीटर, मोजलेली. त्यांनी ती होडीला बांधली आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं. मी आईसोबत जाणार होते, पण मी लाइफ जॅकेटचे पट्टे तिसऱ्यांदा तपासत असताना ती निघून गेली.

वीस मीटरवर दोरी ताणली गेली. आईने मागे वळून पाहिलं, गाठ सोडली आणि दोरी पाण्यात टाकून दिली.

बाबा बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरले. ओरडले, अगं, दोरी! ती लांबून म्हणाली, धरा तुम्ही!

अर्धा तास ती वल्हवत होती. हसणं काठापर्यंत ऐकू येत होतं. बाबा पाण्यातच उभे. मग खिशातून फोन काढला आणि तिचा फोटो घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, सुंदर चालते गं तुझी होडी.

परत आल्यावर होडीच्या तळाशी थोडं पाणी दिसलं. बाबांनी ते औषधाच्या सिरिंजने ओढून मोजलं. चाळीस मिलीलिटर. कुठून येतंय तेही शोधलं. तळाची उजवी फळी, सांधा क्र. १. दोन सह्यांचा. आईच्या अठ्ठावीस सांध्यांतून थेंब नाही.

योगायोग असणार.

१० मार्च

उद्दिष्ट फसलं. बाबा होडीत बसले नाहीत ते नाहीतच. पहिल्या पानावरच्या चौकटीकडे बघवत नाही. वही बंद करते.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ११.२०

वही उघडावी लागली, कारण घडामोडी आहेत.

सुतारकाकांनी खुर्ची आणून दिली. चारही पाय एका पातळीत. बाबांनी स्वतः तपासून मंजूर केली, सही केली, आणि बसले नाहीत. म्हणाले, मला वेळ कुठे आहे? खुर्ची वर खिडकीजवळ ठेवली. रिकामी का ठेवायची, म्हणून सध्या ऑफिसातून आल्यावर मी बसते. उजेड चांगला आहे. आई म्हणाली, जरा चालत जा कुठेतरी. मी म्हटलं, कुठे?

बाबा दिवसभर खालीच असतात. चाळीस मिलीलिटरचा छडा लावायचा तर गळती आतून पाहायला हवी, म्हणून गेल्या रविवारी होडीत चढले. गॅरेजमध्ये, दोन विटांवर टेकवलेल्या. चढण्यापूर्वी किती वजन पेलते ते पितळी वजनं ठेवून आणि सुतारकाकांना आत बसवून तपासून घेतलं. तेव्हापासून होडीतच असतात. पेपर तिथेच वाचतात. चहा तिथेच जातो. दुपारी बारीक घोरण्याचा आवाज येतो, त्याला ते निरीक्षण म्हणतात.

आई लाइफ जॅकेट घालून दोनदा खाली जाऊन आली. तळ्यावर जायचंय, होडी कधी मिळेल? बाबा म्हणाले, तपासणी पूर्ण झाल्याशिवाय वस्तू ताब्यातून सोडता येत नाही. अर्ज दे. आईने आज त्याच कंपनीकडून दुसरा खोका मागवला. माझी मदत नको म्हणाली, पण मी म्हटलं, पुस्तिका वाचून देईन.

पहिलं पान काढलं. बाबांना खुर्चीतून उठवणे. नीट विचार केला, दोनदा खात्री केली, आणि लाल पेनाने बरोबरची खूण केली.

खालून हाक येते आहे. बाबांना पाठीला उशी हवी आहे.